वाचकांचे प्रश्न : कायद्याची पदवी आणि प्रवेशाच्या दारातली तपासणी

कायद्याच्या पदवी अभ्यासक्रमाविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे या वेळी उत्तरासाठी घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत. अनेक पत्रांत एकच गृहीत दिसले, ते असे की कायदा शिकायला जायचे तर आधी थोडा कायदा येत असला पाहिजे. माझ्या मते सर्वांत आधी दुरुस्त करायला हवे ते हेच, म्हणून सुरुवात त्याच पत्राने करतो.

प्रश्न : मी बारावी विज्ञान शाखेत आहे. पुढे पाच वर्षांच्या कायदा अभ्यासक्रमाला जावे असे ठरवले आहे, पण नागरिकशास्त्र दहावीनंतर सुटले. प्रवेश परीक्षेपूर्वी संविधान आणि फौजदारी कायदा पाठ करून ठेवावा का? विज्ञान शाखेमुळे माझी बाजू लंगडी पडेल का?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : दोन्ही प्रश्नांचे उत्तर 'नाही' असे आहे. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या, म्हणजे बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या, २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार पाच वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमासाठी बारावी किंवा समकक्ष परीक्षा उत्तीर्ण असावी लागते. शाखा कोणती, हे विचारले जात नाही. किमान गुण खुल्या प्रवर्गासाठी ४५ टक्के, इतर मागासवर्गीयांसाठी ४२ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के आहेत. हे आकडे केवळ उंबरठ्याचे आहेत. आत कोण येणार हे प्रवेश परीक्षेतील क्रमावर ठरते. इंग्लंडमध्येही विद्यापीठे शालेय पातळीवर कायदा हा विषय घेतलाच पाहिजे असा आग्रह सहसा धरत नाहीत, आणि तेथील काही विद्यापीठे घेत असलेल्या 'एलनॅट' या चाचणीला कायद्याचे कोणतेही पूर्वज्ञान लागत नाही.

मग तपासतात तरी काय? राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी होणाऱ्या 'क्लॅट' परीक्षेत सध्या १२० प्रश्न आणि १२० मिनिटे असतात, चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो, आणि इंग्रजी, चालू घडामोडी, विधिविषयक तर्क, सामान्य तर्क व प्राथमिक गणित हे पाचही विभाग उताऱ्यांवर किंवा दिलेल्या माहितीवर आधारलेले असतात. 'एलनॅट'मध्ये बारा उतारे आणि त्यांवर ४२ प्रश्न असतात, त्यांना ९५ मिनिटे मिळतात, व नंतर ४० मिनिटांत एक निबंध लिहावा लागतो. दोन वेगळ्या देशांतल्या या दोन परीक्षांचा रोख एकच आहे: अनोळखी मजकूर वेगाने वाचून त्यात काय म्हटले आहे, काय म्हटलेले नाही आणि काय गृहीत धरले आहे, हे तुम्हांला वेगळे करता येते का?

विधिविषयक तर्काच्या प्रश्नाचा मासला देतो. तो मीच रचलेला आहे. तत्त्व असे की 'दुसऱ्याच्या जागेत परवानगीशिवाय स्वेच्छेने प्रवेश करणारा माणूस तेथे झालेल्या नुकसानीस जबाबदार असतो.' घटना अशी की पिसाळलेला कुत्रा मागे लागल्यामुळे एकाने कुंपणावरून शेजारच्या बागेत उडी घेतली आणि रोपांवरचे काचेचे छप्पर फुटले. भरपाई द्यावी लागेल का? बहुतेक नवखे विद्यार्थी 'बिचारा काय करणार' या भावनेने नकारार्थी उत्तर देतात. परंतु त्याला कोणी ढकललेले नाही, वादळाने उचलून फेकलेले नाही. दोन वाईट पर्यायांतला एक त्याने स्वतः निवडला, आणि दिलेल्या तत्त्वात अगतिकतेला अपवाद केलेला नाही. म्हणून दिलेल्या शब्दांवरून उत्तर होकारार्थी येते. आता त्याच प्रश्नात 'जीव वाचवण्यासाठी अपरिहार्य असलेल्या कृत्याबद्दल भरपाईची जबाबदारी येत नाही' असे दुसरे तत्त्व जोडा, की उत्तर उलटते. प्रत्यक्ष कायद्यातही अशा निकडीला स्थान आहे. पण परीक्षेत ते तुम्ही आपल्या पदरचे घालायचे नसते. संविधानाची कलमे पाठ करून आलेला विद्यार्थी अनेकदा नेमका येथेच घसरतो, कारण समोरच्या कागदाऐवजी तो आठवणीतून उत्तर देतो.

विज्ञान शाखेत सिद्धतेची एकेक पायरी दाखवण्याची जी सवय तुम्हांला लागली असेल, ती येथे उपयोगीच पडेल. तुमची खरी उणीव असलीच तर ती वाचनाची असेल. दीर्घ अग्रलेख, अहवाल आणि चांगले वैचारिक गद्य रोज तासभर वाचा, आणि वाचून झाल्यावर लेखकाचा निष्कर्ष कोणता व त्याचा आधार कोणता, हे दोन वाक्यांत लिहून ठेवा.

प्रश्न : माझ्या मुलाची स्मरणशक्ती फार चांगली आहे, म्हणून नातेवाईक त्याला कायद्याकडे पाठवा असे सांगतात. कायदा म्हणजे कलमेच ना? त्यासाठी पाच वर्षे नेमके काय शिकवतात?
— एक पालक

उत्तर : स्मरणशक्ती वाया जात नाही, हे आधी मान्य करतो, परीक्षेच्या दिवशी ती मदतीला येतेच. मात्र तिच्यावर पदवीची इमारत उभी राहत नाही, आणि याचा ताजा दाखला आपल्याच देशात आहे. १८६० ची भारतीय दंड संहिता १ जुलै २०२४ पासून गेली आणि तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. ५११ कलमांची संहिता ३५८ कलमांची झाली. खुनाच्या शिक्षेचे 'तीनशे दोन' आता कलम १०३ मध्ये आहे, आणि ज्याच्यावरून भाषेत वाक्प्रचार रुजला ते फसवणुकीचे 'चारशे वीस' कलम ३१८ मध्ये गेले. ज्यांनी फक्त क्रमांक पाठ केले होते त्यांची पाटी एका दिवसात कोरी झाली. खून आणि सदोष मनुष्यवध यांतली सीमारेषा कोठे पडते व ती तेथेच का पडते, हे ज्यांना कळले होते, त्यांना क्रमांकांचा नवा तक्ता जवळ ठेवण्यापलीकडे फारसे करावे लागले नाही.

पाच वर्षांत शिकवली जाते ती ही दुसऱ्या प्रकारची समज. विद्यापीठातून देशाचा चालता कायदा शिकवणे ही कल्पना वाटते तितकी जुनी नाही. बोलोन्यासारख्या मध्ययुगीन विद्यापीठांत रोमन कायदा व चर्चचा कायदा शिकवत, आणि ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी कायद्याचे पहिले अध्यासन विल्यम ब्लॅकस्टन यांना १७५८ मध्ये मिळाले. तोवर, आणि त्यानंतरही बराच काळ, इंग्लंडातला वकील उमेदवारी करून, ज्येष्ठांच्या हाताखाली कागद उतरवून आणि न्यायालयात बसून तयार होत असे. १८७० मध्ये हार्वर्डच्या विधी विद्यालयाचे प्रमुख झालेले ख्रिस्टोफर लँगडेल यांनी व्याख्यानाऐवजी प्रत्यक्ष न्यायनिर्णय विद्यार्थ्यांच्या हाती देऊन त्यांवर प्रश्न विचारण्याची पद्धत रूढ केली. तिच्यावर टीका पुष्कळ झाली, काही योग्यही होती; परंतु ज्या देशांत न्यायालयांचे पूर्वनिर्णय बंधनकारक मानले जातात, तेथील वर्गांत ती कोणत्या ना कोणत्या रूपात आजही टिकून आहे.

या पद्धतीत काय घडते, ते एका निवाड्यावरून पाहा. तेव्हा ब्रिटनचे सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९३२ मध्ये निकाल दिलेला डोनह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन हा खटला आपल्याकडचे विद्यार्थीही पहिल्या-दुसऱ्या वर्षी वाचतात. एका बाईंना मैत्रिणीने पेय घेऊन दिले, अपारदर्शक बाटलीतून कुजलेली गोगलगाय निघाली असे त्यांचे म्हणणे होते, आणि त्या आजारी पडल्या. बाटली मैत्रिणीने विकत घेतल्यामुळे बाईंचा दुकानदाराशी करार नव्हता, उत्पादकाशी तर नव्हताच. तरीही उत्पादकावर अंतिम ग्राहकाबाबत काळजी घेण्याचे कर्तव्य असते, असे बहुमताने ठरले, आणि निष्काळजीपणाविषयीच्या आधुनिक कायद्याचा पाया त्यातून घातला गेला. वर्गात मी यावर नेहमी एक प्रश्न विचारत असे: बाटलीत गोगलगाय होती, हे कोणत्या साक्षीदाराने सिद्ध केले? विद्यार्थी निकालपत्र चाळू लागत. उत्तर असे की ते कधी सिद्ध झालेच नाही. सांगितलेली हकिकत खरी मानली तर कायद्याने दाद मागता येते का, एवढाच मुद्दा लॉर्ड्सपुढे होता, आणि पुढे ते प्रकरण तडजोडीने मिटले. घडलेली गोष्ट, घडल्याचा आरोप आणि सिद्ध झालेली गोष्ट या तीन वेगळ्या वस्तू आहेत, हे ज्याच्या अंगवळणी पडले त्याचे कायद्याचे शिक्षण सुरू झाले असे मी समजतो.

याखेरीज, एकाच प्रकरणाची दोन्ही बाजूंनी सारख्याच ताकदीने मांडणी करता येणे, निकालाचा खरा आधार आणि न्यायाधीशांनी जाता जाता व्यक्त केलेली मते यांत फरक करणे, आणि नेमके लिहिणे, ही उद्दिष्टे जवळजवळ प्रत्येक चांगल्या अभ्यासक्रमात आढळतात. भारतातील एकात्मिक अभ्यासक्रमात राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास यांसारखे विषय कायद्याच्या जोडीने ठेवले आहेत, कारण भाडेनियंत्रण किंवा वारसाहक्क यांविषयीचा कायदा ज्या समाजासाठी केला तो समाज ठाऊक नसेल तर कायदा नुसता शब्दच राहतो. बंगळूरूच्या नॅशनल लॉ स्कूलने, तिचे संस्थापक संचालक एन. आर. माधव मेनन यांच्या काळात, या पाच वर्षांच्या रचनेला जी प्रतिष्ठा मिळवून दिली ती पुढच्या विधी विद्यापीठांना आदर्श ठरली. प्रात्यक्षिकांचाही भाग सक्तीचा आहे: मसुदालेखन, व्यावसायिक नीती, पर्यायी वादनिवारण आणि अभिरूप न्यायालय, म्हणजे सरावाचा खटला, हे चार विषय, आणि पाच वर्षांच्या काळात किमान वीस आठवड्यांची उमेदवारी, म्हणजे इंटर्नशिप.

तेव्हा चिरंजीवांची स्मरणशक्ती बाजूला ठेवून एक गोष्ट पाहा. घरात वाद झाला तर समोरच्याचे म्हणणे त्याला समोरच्यालाही पटेल अशा शब्दांत सांगता येते का? येत असेल, तर नातेवाइकांचा सल्ला चुकून बरोबर निघाला असे म्हणता येईल.

प्रश्न : इंग्लंडमधील विद्यापीठांकडे अर्ज करताना जे वैयक्तिक निवेदन द्यावे लागते त्याचा मसुदा सोबत पाठवत आहे. 'लहानपणापासून मला अन्यायाची चीड आहे आणि गरिबांना न्याय मिळवून देणे हेच माझे स्वप्न आहे,' अशी सुरुवात केली आहे. योग्य आहे का?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : तुमच्या भावनेविषयी शंका नाही, वाक्याविषयी मात्र आहे. मी एका संस्थेच्या प्रवेश समितीवर असताना असे वाक्य इतक्या अर्जांत वाचले, की तिसऱ्या अर्जानंतर ते नजरेला दिसेनासे होई. अन्यायाची चीड नसलेला अर्जदार आम्हांला कधी भेटला नाही, त्यामुळे त्यावरून निवड करता येत नव्हती.

आता प्रश्नांची रचनाही बदलली आहे. २०२६ च्या प्रवेशांपासून 'यूकास'च्या, म्हणजे ब्रिटनमधील विद्यापीठांसाठीचे अर्ज एकत्र स्वीकारणाऱ्या संस्थेच्या, अर्जात एकसंध निवेदनाऐवजी तीन प्रश्न आहेत: हा अभ्यासक्रम का निवडला, आजवरच्या शिक्षणाने त्यासाठी तुमची तयारी कशी झाली, आणि शिक्षणाबाहेर तुम्ही केलेली तयारी कोणती. प्रत्येक उत्तराला किमान ३५० अक्षरे आणि तिन्हींना मिळून ४००० अक्षरांची मर्यादा आहे. म्हणजे चीड आणि स्वप्न यांना फार तर एक ओळ परवडते.

तुमच्या मसुद्याच्या शेवटच्या परिच्छेदात, गृहनिर्माण संस्थेच्या सभेत पाण्याच्या खर्चाची वाटणी सदनिकेच्या क्षेत्रफळावर करावी की माणसांच्या संख्येवर, यावरून झालेल्या वादाचा ओझरता उल्लेख आहे. तो वर आणा. तुम्ही उपविधी मागवून वाचलेत, त्यात या प्रश्नाचे थेट उत्तर नाही हे पाहिलेत, आणि मग 'न्याय्य' कोणते यावर दोन मते का संभवतात याचा विचार केलात. नियम संपतो तेथे युक्तिवाद सुरू होतो, हे तुम्हांला पुस्तकाआधी कळले, याचा तो पुरावा आहे. वाचलेल्या एखाद्या निवाड्याविषयी लिहिणार असाल तर त्यातले न पटलेले काय, तेही लिहा. मुलाखत झालीच तर तेथे विचारतात ते यावरच, आणि न वाचलेल्या पुस्तकाचे नाव तेथे फार महाग पडते.

निबंधाविषयी थोडेसे. 'एलनॅट'चा निबंध गुणांकित होत नाही. तो जसाच्या तसा विद्यापीठांकडे जातो आणि तेथील शिक्षक तो आपापल्या पद्धतीने वाचतात. म्हणून तेथे माहितीचा डोंगर नको. एक भूमिका, तिच्यावरचा सर्वांत बळकट आक्षेप, आणि त्या आक्षेपाचे उत्तर, इतके झाले तर पाचशे-सहाशे शब्द पुरतात. 'दोन्ही बाजूंत तथ्य आहे' या वाक्याने शेवट केलेला निबंध सभ्य वाटतो, पण त्यात निर्णय नसतो.

प्रश्न : आमच्या घरात किंवा नात्यात कोणीही वकील नाही. यामुळे प्रवेशात अडचण येईल का?
— एक विद्यार्थी

उत्तर : प्रवेशात नाही. पुढे उमेदवारीची जागा शोधताना ओळखीपाळखी असलेल्यांना सोपे जाते, हे खरे आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. तोवर मोकळा वेळ मिळेल तेव्हा जवळच्या न्यायालयात जाऊन मागच्या बाकावर बसा. काही विशिष्ट प्रकरणे सोडली तर न्यायालयाचे कामकाज खुले असते. सर्वोच्च न्यायालयातील घटनापीठांच्या सुनावण्यांचे थेट प्रक्षेपण २७ सप्टेंबर २०२२ पासून सुरू झाले आहे, तेही पाहता येईल. पहिले दोन दिवस काही कळणार नाही आणि कंटाळाही येईल. कामकाजातला बराच वेळ तारखा देण्यात जातो, हेही व्यवसायाचे दर्शनच आहे.

प्रश्न : माझे वय चौतीस आहे, वाणिज्य पदवीधर आहे, नोकरी करतो. कायदा आता शिकता येईल का? नोकरी सांभाळून, पत्राद्वारे वगैरे काही सोय आहे का?
— एक नोकरदार

उत्तर : शिकता येईल, आणि तुमच्यासाठी तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, जो कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर घेता येतो. एक काळ आपल्याकडे पदवीनंतरचा हाच मार्ग मुख्य होता, आणि अमेरिकेत आजही कायद्याचे व्यावसायिक शिक्षण पहिल्या पदवीनंतरच सुरू होते. कमाल वयाच्या अटीवरून आपल्याकडे न्यायालयीन वाद झालेले आहेत, म्हणून ज्या वर्षी अर्ज कराल त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. ऐकीव माहितीवर विसंबू नका. वाणिज्य शाखा आणि नोकरीतला अनुभव या तुमच्या जमेच्या बाजू आहेत, कारण करार, कर आणि कंपनीविषयक कायदा वीस वर्षांच्या मुलाला कागदावर दिसतो, तुम्हांला तो कार्यालयात दिसलेला आहे.

अडचण वयाची नाही, वेळेची आहे. वकिलीच्या सनदेसाठी लागणारी पदवी पत्राद्वारे मिळत नाही. नियमांनुसार ती नियमित वर्गांतूनच घ्यावी लागते, आणि २००८ च्या नियमांत प्रत्येक विषयात साधारणपणे ७० टक्के उपस्थितीची अट आहे. 'उपस्थितीचे आम्ही बघून घेऊ' असे एखाद्या महाविद्यालयात कोणी सांगितले, तर कायद्याच्या शिक्षणाची सुरुवात नियम मोडून करायची आहे का, हे तुम्हीच ठरवा. तेथे शिकवण्याचा दर्जाही त्याच वाक्यातून कळतो. कामाच्या वेळा बदलून घेता येतील का, हे वरिष्ठांशी बोलून मगच प्रवेश घ्या.

प्रश्न : पदवी मिळाली की माणूस वकील होतो, असे आम्ही समजत होतो. पुतणी म्हणते की पुढेही परीक्षा असते. आणि तिला न्यायाधीश व्हायचे आहे, त्यासाठी कोणते महाविद्यालय निवडावे?
— एक काका

उत्तर : पुतणीचे म्हणणे बरोबर आहे. विद्यापीठ पदवी देते. व्यवसायाचा परवाना देणे हे वेगळ्या संस्थेचे काम असते, आणि बहुतेक देशांत ही विभागणी आढळते. आपल्याकडे १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमानुसार राज्य विधिज्ञ परिषदेकडे नावनोंदणी करावी लागते, आणि त्याशिवाय २०१० साली आणलेली अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. ती घेण्याचा विधिज्ञ परिषदेचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने फेब्रुवारी २०२३ मध्ये मान्य केला. इंग्लंडमध्ये सॉलिसिटर, म्हणजे तेथील वकिलांचा एक प्रकार, होण्यासाठी २०२१ पासून एक सामायिक अर्हता परीक्षा आणि दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. जर्मनीत विद्यापीठातील शिक्षणानंतर पहिली राज्य परीक्षा, मग सुमारे दोन वर्षांची न्यायालये व कार्यालयांतली उमेदवारी, आणि मग दुसरी राज्य परीक्षा, असा लांबचा रस्ता आहे. तो पार करणारा माणूस न्यायाधीशपदासाठीही पात्र ठरतो.

न्यायाधीशपदाविषयी आपल्याकडे मे २०२५ मध्ये महत्त्वाचा बदल झाला. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, या पदासाठी पदवीनंतर लगेच परीक्षा देता येत असे. सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. म्हणजे पुतणीला पाच वर्षांचा अभ्यासक्रम आणि त्यावर किमान तीन वर्षांचा व्यवसाय, एवढा काळ धरून चालावे लागेल, आणि घरच्यांनी तेवढा काळ तिच्या कमाईची घाई करू नये. अनेक कुटुंबांना ही अट जाचक वाटते, विशेषतः मुलींच्या बाबतीत. मला मात्र, साक्षीदार उलटतपासणीत कसा गोंधळतो आणि पक्षकार तारखेमागून तारीख घेऊन कसा थकतो, हे बाकाच्या अलीकडून पाहिल्यावर मगच कोणी पलीकडे बसावे, यात तथ्य वाटते.

महाविद्यालयाबाबत एकच गोष्ट आग्रहाने सांगतो. इमारत, जाहिरात आणि नोकऱ्या मिळवून दिल्याचे आकडे पाहण्याआधी त्या अभ्यासक्रमाला भारतीय विधिज्ञ परिषदेची मान्यता आहे का, आणि असल्यास ती कोणत्या शैक्षणिक वर्षापर्यंत आहे, याचे पत्र मागा. मान्यता ठरावीक मुदतीची असू शकते, आणि ती नसलेल्या संस्थेची पदवी सनदेच्या वेळी अडते. पत्र दाखवायला कोणी टाळाटाळ केली तर शुल्क न भरता परत या, आणि परत येताना पुतणीला विचारा की त्या कार्यालयातल्या माणसाने नेमके कोणते शब्द वापरले होते.